तंबाखू उद्योगाशी शासनाचा व्यवहार उघड आणि नोंदीत कसा ठेवावा: कलम ५.३ ची अंमलबजावणी

तंबाखू नियंत्रणाची चर्चा बहुतेक वेळा पाकिटावरील इशाऱ्याची चित्रे, कर आणि सार्वजनिक ठिकाणची धूम्रपानबंदी यांभोवती फिरते. हे नियम राजपत्रात येण्यापूर्वी कोणाच्या दालनात कोण बसले होते, मसुद्यातील एखादी मुदत कोणाच्या निवेदनानंतर वाढली आणि एखाद्या खात्याचा अभिप्राय अचानक का बदलला, हे प्रश्न मात्र मागे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा कराराने या प्रश्नांसाठी स्वतंत्र कलम दिले आहे. हा करार २१ मे २००३ रोजी जागतिक आरोग्य सभेने स्वीकारला, २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला आणि आज १८३ पक्ष, म्हणजे करारात सामील झालेले देश आणि युरोपीय संघ, त्याने बांधलेले आहेत. त्यातील कलम ५.३ जेमतेम एका वाक्याचे आहे: तंबाखू नियंत्रणाची सार्वजनिक आरोग्य धोरणे ठरवताना आणि राबवताना पक्ष देशांनी ती धोरणे तंबाखू उद्योगाच्या व्यापारी आणि अन्य हितसंबंधांपासून राष्ट्रीय कायद्यानुसार सुरक्षित राखावीत.

हे वाक्य प्रत्यक्षात कसे उतरवायचे, हे येथे पायरीपायरीने मांडले आहे. शासनातील अधिकारी, लोकप्रतिनिधींचे साहाय्यक, आरोग्य क्षेत्रातील संस्था आणि शासनावर लक्ष ठेवणारे नागरिक, या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे. ‘उद्योगाला भेटूच नका’ हा सल्ला ऐकायला चांगला असला तरी तो पुरत नाही, कारण ज्याचे नियमन करायचे त्याच्याशी सरकारला काही प्रसंगी बोलावेच लागते. भेटीपूर्वीच लागू असलेला नियम आणि भेटीनंतर कोणालाही वाचता येईल अशी नोंद या दोन गोष्टी असतील, तर त्या भेटीचे बरेचसे विष उतरते. आणि या दोन्ही गोष्टींची सर्वाधिक उणीव आरोग्य खात्यात नसून अर्थ, वाणिज्य, कृषी, उद्योग आणि परराष्ट्र या खात्यांत असते.

सुरुवात मूळ मजकुरापासून

कलम ५.३ ची मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २००८ मध्ये डर्बन येथे भरलेल्या पक्ष परिषदेच्या, म्हणजे करारातील सर्व पक्षांच्या सभेच्या, तिसऱ्या अधिवेशनात स्वीकारली गेली. त्यांत चार तत्त्वे आणि आठ शिफारशी आहेत. पहिले तत्त्व असे, की तंबाखू उद्योगाचे हित आणि सार्वजनिक आरोग्य धोरणाचे हित यांत मूलभूत आणि न मिटणारा विरोध आहे. दुसऱ्या तत्त्वानुसार उद्योगाशी किंवा त्याच्या वतीने वावरणाऱ्यांशी व्यवहार करताना शासनाने उत्तरदायी आणि पारदर्शक राहावे. तिसरे हीच अपेक्षा उद्योगाकडूनही करते. चौथे सांगते, की ही उत्पादने प्राणघातक असल्यामुळे उद्योगाला व्यवसाय उभारण्यासाठी वा चालवण्यासाठी सवलती देऊ नयेत.

कोणतेही परिपत्रक लिहायला घेण्यापूर्वी हा मजकूर पूर्ण वाचावा. अनेक ठिकाणी केवळ कलमाचा क्रमांक उद्धृत करून परिपत्रके काढली जातात आणि मग एखादा अधिकारी ‘यात भेटीला बंदी कुठे आहे?’ असा रास्त प्रश्न विचारतो तेव्हा कोणाकडेच उत्तर नसते. उत्तर दुसऱ्या शिफारशीत आहे: उद्योगाचे आणि त्याच्या उत्पादनांचे परिणामकारक नियमन करण्यासाठी जेवढा संपर्क काटेकोरपणे आवश्यक असेल तेवढाच ठेवावा, आणि शक्य तेथे तो जाहीरपणे व्हावा. त्यासाठी जाहीर सुनावणी, भेटीची पूर्वसूचना आणि नोंदींची प्रसिद्धी असे मार्गही तेथे सुचवले आहेत.

एवढी खबरदारी याच उद्योगाबाबत का, असा आक्षेप हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवावे. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन लोकांच्या आरोग्याची जबाबदारी आपण सर्वोपरी मानतो असे जाहीर केले होते. त्यानंतरच्या दशकांत त्या आतून काय लिहीत होत्या, हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने कंपन्यांवर भरलेल्या आणि १९९८ मध्ये मिटलेल्या खटल्यामुळे आणि त्याच वर्षी इतर राज्यांशी झालेल्या मोठ्या तडजोडीमुळे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून जगापुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हीच कागदपत्रे तपासून जुलै २००० मध्ये अहवाल दिला, आणि खुद्द संघटनेचे तंबाखूविरोधी काम खिळखिळे करण्यासाठी कंपन्यांनी कशी आखणी केली होती हे त्यात दाखवले. त्यापुढच्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाच्या प्रक्रियेतील पारदर्शकतेवर ठराव केला. कलम ५.३ मागचा अनुभव हा असा आहे.

‘उद्योग’ म्हणजे कोण, याची यादी

करारातील व्याख्येप्रमाणे तंबाखू उद्योग म्हणजे उत्पादक, घाऊक वितरक आणि आयातदार. मार्गदर्शक तत्त्वे मात्र उघडपणे वा आडून उद्योगाच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्ती, मुखवटा-संघटना आणि संलग्न संस्था यांचाही विचार करायला सांगतात. व्यवहारात कंपनीचा प्रतिनिधी कंपनीचे ओळखपत्र लावून येतो तेव्हा काम सोपे असते. अडचण येते ती किरकोळ विक्रेत्यांची संघटना, शेतकऱ्यांचा महासंघ, करधोरणावर व्याख्याने घेणारी संस्था, ग्राहकहक्कांचे नाव लावलेला गट किंवा नामांकित सल्लागार कंपनी येते तेव्हा. २०१४ च्या ऑक्टोबरात मॉस्को येथे पक्ष परिषदेचे सहावे अधिवेशन भरणार होते. त्याच्या तोंडावर तंबाखू कंपन्यांचा आर्थिक पाठिंबा असलेल्या एका कर-गुंतवणूकविषयक संस्थेने तेथेच तंबाखू कराविषयी कार्यक्रम ठेवला आणि कराराच्या सचिवालयाला प्रतिनिधींना त्यापासून दूर राहण्याचे आवाहन करावे लागले.

म्हणून पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे यादी. उत्पादक आणि आयातदारांची नावे परवान्यांच्या नोंदीतून मिळतात. संलग्न संस्थांसाठी त्यांचे वार्षिक अहवाल, पदाधिकाऱ्यांची पूर्वीची नोकरी, कार्यक्रमांचे प्रायोजक आणि कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या देणग्या पाहाव्यात. ही यादी कधीच पूर्ण होत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यामुळे यादीच्या जोडीला एक पानी घोषणापत्र असावे. भेट मागणाऱ्या प्रत्येकाने, मग तो स्वतःला कोणीही म्हणवून घेवो, मागील काही वर्षांत तंबाखू उद्योगाकडून निधी, मानधन, प्रवासखर्च वा अन्य लाभ मिळाला आहे का, हे लिहून सही करावी. खोटी घोषणा पुढे उघड झाली तर तीच एक नोंद होते.

येथे एक भेद सांभाळावा. तंबाखू पिकवणारा शेतकरी हा धोरणाचा शत्रू नाही. कराराचे कलम १७ त्याच्या पर्यायी उपजीविकेविषयी आणि कलम १८ त्याच्या आरोग्याच्या व पर्यावरणाच्या रक्षणाविषयी बोलते. त्याच्याशी कृषी खात्याने थेट बोलावेच, फक्त त्याच्या नावाने कंपनीने पाठवलेल्या प्रतिनिधीशी बोलणे म्हणजे त्याच्याशी बोलणे नव्हे.

नियम सर्व खात्यांना लागू करणे

आरोग्य खात्याने स्वतःपुरती आचारसंहिता करणे ही चांगली सुरुवात आहे, परंतु उद्योगाला आरोग्य खात्याचे दार बंद मिळाले की तो शेजारचे दार वाजवतो. याबाबतीत फिलिपिन्सने २०१० मध्ये केलेली रचना अभ्यासण्यासारखी आहे. तेथे आरोग्य खाते आणि नागरी सेवा आयोग यांनी संयुक्त परिपत्रक काढले. नागरी सेवा आयोग सोबत असल्यामुळे नियम सेवाशर्तींचा भाग झाला आणि तो आरोग्य खात्याबाहेरच्या अधिकाऱ्यांनाही बांधून ठेवू लागला. युगांडाने २०१५ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातच यासाठी स्वतंत्र भाग घातला. केनियाने २०१४ च्या नियमावलीत शासन-उद्योग संपर्कावर मर्यादा घातल्या, त्यांना एका मोठ्या कंपनीने न्यायालयात आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

परिपत्रक, सेवानियम की कायदा, हा निर्णय प्रत्येक देशाच्या राज्यघटनेवर आणि राजकीय बळावर अवलंबून राहील. माझे मत असे, की कायद्याची वाट पाहत थांबण्यापेक्षा सेवानियमापासून सुरुवात करावी, कारण तो लवकर होतो आणि त्याच्या उल्लंघनाला शिस्तभंगाची प्रक्रिया आधीच उपलब्ध असते. करमाफी, निर्यात प्रोत्साहन, औद्योगिक क्षेत्रातील जमीन, शासकीय गुंतवणूक हे विषय ज्या खात्यांकडे आहेत त्यांची नावे नियमात स्पष्ट लिहावीत. ‘सर्व संबंधित खाती’ असे लिहिले की कोणतेच खाते स्वतःला संबंधित समजत नाही.

एक भेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते एका कल्पित उदाहरणातून बारकाईने पाहू. अर्थसंकल्पाला दोन-अडीच महिने असताना अर्थ खात्याच्या सचिवांकडे एका व्यापारी संघटनेचे पत्र येते. विषय आहे ‘अवैध व्यापार आणि महसुलाची हानी’. पत्रात तंबाखूचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात येतो.

पत्र आवक नोंदवहीत चढते त्याच दिवशी ते तंबाखू नियंत्रणाच्या संपर्क अधिकाऱ्याला कळवले जावे. हा अधिकारी कराराच्या कलम ५.२ नुसार नेमलेल्या समन्वय यंत्रणेतील असेल तर उत्तम. त्यानंतर चार प्रश्नांची लेखी उत्तरे नस्तीवर घ्यावीत. ही भेट नियमनासाठी आवश्यक आहे का? जे सांगायचे आहे ते लेखी निवेदनाने सांगता येणार नाही का? सर्वांसाठी खुल्या सुनावणीत ते मांडता येईल का? संघटनेने घोषणापत्र भरले आहे का? बहुसंख्य विनंत्या दुसऱ्या प्रश्नावरच निकालात निघतात, आणि उत्तरादाखल साधारण असे पत्र जाते:

‘आपले पत्र मिळाले. तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा कराराच्या कलम ५.३ नुसार या विषयावरील प्रत्यक्ष भेट नियमनासाठी आवश्यक असल्याचे आढळत नाही. आपले म्हणणे आधारभूत कागदपत्रांसह लेखी पाठवावे. सोबत जोडलेले हितसंबंधांचे घोषणापत्र भरून द्यावे. आपले निवेदन आणि हे उत्तर दोन्ही खात्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले जाईल. कायद्याने संरक्षित व्यापारी गुपिते असल्यास ती वेगळी दाखवून त्याचे कारण नमूद करावे.’

या पत्रातील प्रसिद्धीविषयीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. निवेदन जगजाहीर होणार हे कळले, की त्यातील भाषा आणि आकडे दोन्ही सावध होतात, आणि कधी कधी निवेदन येतच नाही.

समजा भेट आवश्यक ठरली, उदाहरणार्थ नव्या इशाऱ्यांच्या छपाईतील तांत्रिक तपशिलासाठी. तर ती कार्यालयातच, कामाच्या वेळेत आणि आधी प्रसिद्ध केलेल्या विषयपत्रिकेनुसार व्हावी. शासनाच्या बाजूने किमान दोन अधिकारी असावेत, त्यांपैकी एक शक्यतो विधी विभागाचा. सुरुवातीलाच सांगावे की ही भेट म्हणजे भागीदारी नाही, धोरणावरील वाटाघाटीही नाहीत, आणि कंपनीने तिचा उल्लेख प्रसिद्धीसाठी करू नये. छायाचित्रे, भेटवस्तू आणि जेवण नको. विषयपत्रिकेबाहेरचा मुद्दा निघाला तर तो लेखी पाठवायला सांगून बैठक पुढे न्यावी.

मग इतिवृत्त. सगळी मेहनत येथेच वाया जाते, म्हणून दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. पहिला असा: ‘सौहार्दपूर्ण वातावरणात विविध विषयांवर सकारात्मक चर्चा झाली.’ या नोंदीतून काहीच कळत नाही, आणि ती कोणी लिहिली असेल तर बहुधा त्याच हेतूने लिहिलेली असते. दुसरा असा: ‘संघटनेने अबकारी कराचा दर पुढील दोन वर्षे स्थिर ठेवावा अशी मागणी केली. आधार म्हणून एका सल्लागार संस्थेचा अहवाल सादर केला. अहवालाचा खर्च कोणी केला, असे विचारले असता सात दिवसांत लेखी कळवतो असे उत्तर मिळाले. अधिकाऱ्यांनी कोणतेही आश्वासन दिले नाही.’ दुसऱ्या नोंदीत मागणी, आधार, न मिळालेले उत्तर आणि शासनाची भूमिका या चारही गोष्टी आहेत. तिला उपस्थितांची नावे व पदे, वेळ, ठिकाण आणि मिळालेल्या कागदांची यादी जोडली, की वर्षभरानंतर बदलून आलेल्या नव्या अधिकाऱ्यालाही सगळे समजते.

इतिवृत्त ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावे. ही मुदत नियमातच आकड्याने लिहावी, ‘यथावकाश’ हा शब्द टाळावा. दूरध्वनी, ईमेल, मोबाइलवरील संदेश, विमानतळावरील वा समारंभातील ओझरती गाठभेट यांनाही तोच नियम लावावा. अनपेक्षित भेटीची टिपणी अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी दोन ओळींत नोंदवली तरी पुरते.

युरोपीय आयोगाच्या बाबतीत युरोपीय लोकपालांनी २०१५ मध्ये नेमका हाच मुद्दा काढला होता. आयोगाच्या आरोग्य विभागाकडून तंबाखू उद्योगाशी झालेल्या भेटी सक्रियपणे प्रसिद्ध होत होत्या, इतर विभागांत तसे होत नव्हते, आणि आरोग्य विभागाची पद्धत सर्वांनी स्वीकारावी अशी शिफारस लोकपालांना करावी लागली. प्रगत प्रशासनातही खात्याखात्यांतील ही दरी राहते, हे त्यावरून दिसते.

माहिती उद्योगाकडून मागणे

भेटींची नोंद हा पारदर्शकतेचा अर्धा भाग झाला. पाचवी शिफारस सांगते, की उत्पादन, बाजारातील वाटा, विपणनावरील खर्च, महसूल, तसेच लॉबिंग, देणग्या आणि राजकीय निधी यांची माहिती उद्योगाने नियमितपणे शासनाला द्यावी. कराराच्या कलम १२ मध्ये उद्योगाविषयीची माहिती लोकांना मिळण्याची तरतूद आहेच. कॅनडात तंबाखू कंपन्यांना विक्री, घटकद्रव्ये आणि प्रसिद्धीखर्चाचे अहवाल शासनाला देण्याचे बंधन २००० पासून आहे, तर फ्रान्सने २०१६ च्या आरोग्य कायद्याने लॉबिंगवरील खर्च जाहीर करणे बंधनकारक केले.

येथे ‘व्यापारी गुपित’ हे उत्तर सर्रास मिळते. सुगंधी द्रव्यांचे नेमके प्रमाण गुपित असू शकते, पण देणगी कोणाला दिली हे गुपित नसते. कोणती माहिती संरक्षित आणि कोणती नाही, याची यादी शासनाने आधीच ठरवून नियमाला जोडावी, म्हणजे प्रत्येक वेळी वाद घालावा लागत नाही.

हितसंबंधांचा संघर्ष, देणग्या आणि सवलती

धोरण ठरवणाऱ्या वा राबवणाऱ्या प्रत्येकाने, यात सल्लागार आणि कंत्राटदारही आले, आपले हितसंबंध जाहीर करावेत. तंबाखू कंपनीत नोकरीला असलेली व्यक्ती तंबाखू नियंत्रणाच्या कोणत्याही शासकीय समितीवर किंवा सल्लागार गटावर नसावी. समभाग असल्यास विकावेत. निवृत्तीनंतर उद्योगात जाऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याने तसे कळवावे आणि मध्ये ठरावीक काळ जाऊ द्यावा. भेटवस्तू, प्रवास, प्रशिक्षण, उपकरणे यांपैकी काहीही स्वीकारू नये. राजकीय देणग्यांवर शक्य असेल तर बंदी असावी, राज्यघटना ते होऊ देत नसेल तर त्या पूर्णपणे जाहीर व्हाव्यात.

सामाजिक दायित्वाच्या नावाखाली होणारी कामे हा त्यातला नाजूक भाग आहे, कारण शाळेला पाणी मिळते, रुग्णालयाला यंत्र मिळते आणि नाही म्हणणारा अधिकारी वाईट ठरतो. मार्गदर्शक तत्त्वे अशा उपक्रमांना शासनाने मान्यता, पाठिंबा किंवा भागीदारी देऊ नये असे सांगतात. तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवण्याचे कंपन्यांचे स्वतःचे कार्यक्रमही यातच मोडतात. २०१७ मध्ये एका बहुराष्ट्रीय सिगारेट कंपनीने ‘धूरमुक्त जगा’साठी नवे प्रतिष्ठान उभारून त्याला दरवर्षी ८ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने सरकारांना आणि आरोग्य क्षेत्राला त्याच्याशी भागीदारी न करण्याचे आवाहन केले. ऐच्छिक आचारसंहितेचा प्रस्ताव आला तर तोही याच न्यायाने नाकारावा, ज्याची सक्ती करता येत नाही तो नियमाचा पर्याय होऊ शकत नाही.

कंपनी सरकारच्याच मालकीची असेल तेव्हा काय? जपानमध्ये कायद्यानेच सरकारकडे एका मोठ्या कंपनीचे एक-तृतीयांशाहून अधिक समभाग आहेत आणि चीनमध्ये हा व्यवसाय राज्याची मक्तेदारी आहे. आठवी शिफारस अशा कंपनीला इतरांसारखेच वागवायला सांगते. व्यवहारात याचा अर्थ, कंपनी चालवणारे खाते आणि तंबाखू नियंत्रणाचे धोरण ठरवणारे खाते वेगळे ठेवणे. हे सांगणे सोपे आहे, घडवून आणणे फार कठीण.

सीमेपलीकडचे सहकार्य

कंपन्या देशोदेशी एकच युक्तिवाद फिरवत असतात, त्यामुळे एका देशाची नोंद दुसऱ्या देशाच्या कामी येते. कलम २० आणि २२ माहितीची देवाणघेवाण आणि तांत्रिक, कायदेशीर सहकार्य यांविषयी आहेत, तर कलम २१ नुसार प्रत्येक पक्ष देश अंमलबजावणीचा अहवाल देतो. दर दोन वर्षांनी जाणाऱ्या या अहवालात कलम ५.३ विषयीचे रकाने असतात. ‘होय’वर खूण करून पुढे जाण्याऐवजी तेथे प्रसिद्ध इतिवृत्तांचे दुवे आणि उद्योगाने मांडलेले मुद्दे लिहावेत. ते पुढच्या देशाला थेट वापरता येतात. बँकॉक येथे कलम ५.३ साठीचे ज्ञानकेंद्र आहे, आणि ब्राझील, श्रीलंका व दक्षिण आफ्रिका येथे उद्योगाच्या हालचालींवर लक्ष ठेवणारी निरीक्षण केंद्रे उभी राहिली. नवा मसुदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांच्याशी आधी पत्रव्यवहार करावा, कारण आपल्याकडे येऊ घातलेला आक्षेप बहुधा दुसरीकडे येऊन गेलेला असतो.

पक्ष परिषदेला जाणारे शिष्टमंडळ निवडताना प्रत्येक सदस्याचे घोषणापत्र घ्यावे. तंबाखू उद्योगात नोकरी करणाऱ्याला शिष्टमंडळात घेऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, आणि २०१८ मध्ये जिनिव्हाला झालेल्या आठव्या अधिवेशनाने शिष्टमंडळांच्या पारदर्शकतेवर स्वतंत्र निर्णय घेतला. वाणिज्य किंवा कृषी खात्याचा प्रतिनिधी पाठवणे गैर नाही, मात्र त्याला देशाची लेखी भूमिका आधी द्यावी आणि ती भूमिका अधिवेशनापूर्वी प्रसिद्ध करावी. दूतावासांनाही सूचना लागतात. ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या परदेशी कार्यालयांसाठी तंबाखू उद्योगाला कितपत मदत करावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या नमुना म्हणून पाहता येतात.

अवैध व्यापार हा उद्योगाचा शासनात शिरण्याचा आवडता रस्ता आहे. ‘तस्करी थांबवायला आम्ही मदत करतो’ हा प्रस्ताव सीमाशुल्क अधिकाऱ्यांना मोहात पाडतो. युरोपीय संघाने २००४ मध्ये एका मोठ्या कंपनीशी तस्करी रोखण्याचा करार केला होता. बारा वर्षांत सुमारे १२५ कोटी डॉलर देण्याचे कंपनीने त्यात मान्य केले. २०१६ मध्ये मुदत संपली तेव्हा युरोपीय संसदेने नूतनीकरणाच्या विरोधात मत दिले आणि करार पुढे चालू राहिला नाही. मधल्या काळात, १२ नोव्हेंबर २०१२ रोजी सोल येथे अवैध व्यापार निर्मूलनाचा उपकरार स्वीकारला गेला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ८ नुसार पाकिटाचा कारखान्यापासून पुढे माग काढणारी यंत्रणा उभारायची आहे, आणि त्यातील शासनाची कर्तव्ये तंबाखू उद्योगाने पार पाडू नयेत, त्याच्याकडे सोपवूही नयेत, असे तेथे नमूद आहे. निविदा काढताना म्हणूनच पुरवठादाराची मालकी, पूर्वीचे करार आणि आज्ञावली (सॉफ्टवेअर) मूळ कोणी विकसित केली याची चौकशी करावी. पाकिटांचा माग काढण्यासाठी तंबाखू कंपन्यांनीच विकसित केलेली एक सांकेतिक प्रणाली २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली गेली. नाव बदलले म्हणून मूळ बदलत नाही, आणि निविदा समितीने ते विचारायलाच हवे.

शेवटी गुंतवणूक करार, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांना संरक्षण देणारे देशादेशांतील करार. उरुग्वेने पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यांना दिला तेव्हा एका बहुराष्ट्रीय सिगारेट कंपनीने त्याच्यावर स्वित्झर्लंडशी असलेल्या गुंतवणूक कराराखाली दावा केला. जागतिक आरोग्य संघटना आणि कराराचे सचिवालय यांनी लवादापुढे संयुक्तपणे आपले म्हणणे मांडले. जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि कंपनीला त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. ऑस्ट्रेलियाने साध्या वेष्टनाचा, म्हणजे पाकिटावर कंपनीची रंगसंगती आणि बोधचिन्ह नसण्याचा, बेत २०१० मध्ये जाहीर केल्यावर त्याच कंपनीने आपल्या ऑस्ट्रेलियन व्यवसायाची मालकी हाँगकाँगमधील शाखेकडे वळवली आणि मग ऑस्ट्रेलिया व हाँगकाँग यांच्यातील गुंतवणूक कराराचा आधार घेतला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने हा हक्काचा गैरवापर ठरवून दावा ऐकण्यास नकार दिला. दोन्ही प्रकरणांतून घेण्यासारखी व्यावहारिक गोष्ट अशी, की धोरणाचा प्रत्येक टप्पा कोणत्या पुराव्यावर ठरला याचा कागद तयार असावा, आणि नवे व्यापार करार करताना वाणिज्य खात्याने मसुदा आरोग्य खात्याला दाखवावा.

बाहेरून तपासणाऱ्यांसाठी

शासनाबाहेरच्या वाचकाने आधी आपल्या देशाचा कराराला दिलेला अहवाल वाचावा आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. नागरी संस्थांनी तयार केलेला जागतिक तंबाखू उद्योग हस्तक्षेप निर्देशांक २०१९ पासून निघतो. त्यात गुण जितके कमी तितकी स्थिती चांगली, हे लक्षात ठेवावे, नाहीतर उलटा निष्कर्ष निघतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहात उद्योगाची १ कोटी ४० लाखांहून अधिक कागदपत्रे विनामूल्य शोधता येतात. देशाच्या नावाबरोबर त्या काळातील मंत्र्यांची, संघटनांची आणि जनसंपर्क कंपन्यांची नावे वेगवेगळ्या वर्णलेखनांनी टाकून पाहावीत. संग्रह मुख्यतः जुन्या काळाचा असला तरी कोणत्या संघटना कोणी उभ्या केल्या, हे त्यातून कळते.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘तंबाखू कंपन्यांशी झालेल्या सर्व भेटींचा तपशील’ असा व्यापक प्रश्न विचारला तर तो सहज फेटाळला जातो. एखाद्या अधिसूचनेची तारीख धरावी, तिच्या आधीच्या सहा महिन्यांतील अभ्यागत नोंदवही, मसुद्यावर आलेली निवेदने आणि खात्यांचे अभिप्राय मागावेत, आणि हाच अर्ज एकाच वेळी अर्थ, वाणिज्य व आरोग्य या तिन्ही खात्यांकडे द्यावा. एका खात्याने ‘नोंद उपलब्ध नाही’ म्हटले आणि दुसऱ्याच्या नस्तीत त्याच बैठकीचे पत्र सापडले, तर पहिल्या अपिलात ते पत्र जोडावे. कंपन्यांचे स्वतःचे वार्षिक अहवाल आणि व्यापारी संघटनांच्या बातमीपत्रांतील छायाचित्रेही पाहावीत. शासनाच्या नोंदवहीत नसलेली भेट पुष्कळदा तेथे तारखेसह छापलेली असते.